पाय दाखवलेला सांधा

ठोकळे निघालेले होते. दोन्ही.

कुणी उखडून भिरकावले असते तर तिला नुसता राग आला असता. पण ते रुळांखालच्या आडव्या स्लीपरवर ठेवलेले होते. एकाला एक लावून, रंधा मारलेली बाजू खाली, टोकं वजनकाट्याच्या दिशेला. जसं कुणी दाराबाहेर चपला नीट काढून आत जावं.

वहिनी खडीवर उकिडवी बसली. दुपार अशी तापली होती की लांबचे रूळ ओले दिसत होते. कुठल्यातरी शेतात तोडीआधी ऊस पेटवला असणार, कारण जळक्या पाचटाचे काळे पापुद्रे वरून अलगद उतरत होते आणि तिच्या बाहीवर बसत होते. भरलेली गाडी वजनकाट्यावर गेली होती, रिकामी अजून यायची होती. या मधल्या वेळात दुफाट्यावर चिटपाखरू नसतं.

तिने एक ठोकळा उचलला. लाकूड गार होतं.

एवढ्या उन्हात उघड्यावर पडलेलं लाकूड, आणि आत्ताच सावलीतून काढल्यासारखं गार.

तिने मागे वळून पाहिलं नाही. ठोकळे काढून असे मांडून ठेवणारा माणूस या कारखान्यात एकच झाला होता. तो तिचा नवरा. आणि मागल्याच्या मागल्या हंगामात याच सांध्यावर, याच फटीत पाय अडकून तो गेला होता.

फट

शेतांतून कारखान्यात ऊस आणणारी ही गाडी लहान, तिचे रूळ अरुंद, डबे म्हणजे चाकांवरचे लोखंडी पिंजरे. पण लहान असली म्हणून काय झालं, एका वाटेच्या दोन करायच्या तर मध्ये सांधा लागतोच. ते सांधे वहिनी करायची. तिचा दीर तिथेच कामाला, तो तिला वहिनी म्हणायचा, म्हणून सगळा कारखाना वहिनी म्हणायला लागला. तिच्याहून वयाने दुप्पट माणसंसुद्धा.

आवारातल्या पत्र्याच्या शेडखाली ती रूळ कापायची, वाकवायची, जमिनीवर जुळवायची. गाडीला या वाटेवरून त्या वाटेवर वळवणाऱ्या दोन निमुळत्या पट्ट्या असतात, त्यांना जीभ म्हणतात. त्या ती स्वतः तासायची. "बाईच्या जिभेला हाड नसतं म्हणे," दीर चिडवायचा. "आमच्या वहिनींची पोलादाची आहे, आणि धारसुद्धा घरच्या घरी लावतात."

दोन वाटा जिथे एकमेकींना छेदतात ते नाक. नाकापाशी चाक भलत्या वाटेला जाऊ नये म्हणून समोरच्या रुळाला लागून एक आखूड रूळ बसवतात. ती चेकरेल. रूळ आणि चेकरेल यांच्यामध्ये चाकाची कड जाईल एवढीच फट. मात्र कड आत नीट शिरावी म्हणून फटीची दोन्ही टोकं फाकवलेली असतात, आ केलेल्या तोंडासारखी.

त्या तोंडात माणसाचा पाय सहज जातो. पुढे सरकतो. मग बुटाचा तळ रुळाच्या डोक्याखाली जाऊन बसतो. रुळाचं डोकं रुंद आणि मान बारीक. आत जाताना पायाला कुणी विचारत नाही. वर येताना अडवतं.

म्हणून त्या तोंडात ठोकळा.

आणि म्हणूनच आवाराची एक रीत होती. सांधा जुळून झाला की ज्याने केला त्याने त्याला पाय दाखवायचा. बूट घालून प्रत्येक फटीत पाऊल टाकायचं, पुढे रेटायचं, पिळायचं, मग काढायचं. दाखवलेला पाय परत मिळाला तर सांधा बाहेर जाणार. नाही मिळाला तर चारचौघांत हसं आणि पुन्हा पहिल्यापासून काम. कुणी सुरू केली ही रीत, कुणालाच ठाऊक नव्हतं.

वहिनीचं पाऊल लहान. म्हणून ती नवऱ्याचे बूट घालायची. सांध्यावरून चालणार तो, तर पायही त्याचाच दाखवायला हवा, असा तिचा हिशोब. दोन-दोन मोजे चढवून, होडीएवढे ते बूट ओढत ती फटाफटींतून चालायची, आणि शेडमधले सगळे हातातली कामं सोडून बघत बसायचे. पहिला सांधा तिने असाच दाखवला होता. तो जुन्या वाटेवर बसला, तळ्याच्या बाजूला. पुढे तिकडची शेतं बंद पडली, अलीकडचे-पलीकडचे रूळ उचलून नेले. सांधा तेवढा गवतात राहिला, येणारी वाट नाही नि जाणारीही नाही.

पाचट

नवऱ्याला लोक लगबग्या म्हणत. गाडीपुढे चालायचं, खटका ओढून सांधा फिरवायचा, डबे जोडायचे-सोडायचे, मागे येणाऱ्या इंजिनाला हात दाखवायचा, असं त्याचं काम. पायाला भिंगरी, आणि तोंडाला त्याहून मोठी.

"तुझे ठोकळे माझी गाडी पाडतात."

"आणि तुझी घाई तुला पाडेल."

"अगं, ठोकळ्यावर पाचट बसतं. त्यावर रस, त्यावर माती. ऊन लागलं की दगड होतो दगड. रिकामा डबा हलका, त्याची कड त्या दगडावर चढली की डबा आलाच खाली. मग जॅक आणा, पहारी आणा, ड्रायव्हर मामा इंजिनातून माझा उद्धार करणार."

"मग साफ कर."

"दर गाडीला? ठोकळा काढला की पाचट आपोआप खाली जातं. खाली जागा असते ना."

"आणि पाय?"

"पाय काय पाचट आहे?"

हे त्यांचं रोजचं. जेवताना, झोपताना, भांडी घासताना. सासूबाई कानाने अधू, तरी त्यांनासुद्धा पाठ झालं होतं. तो ठोकळे काढायचा, तेव्हा हातोडीचे तीन ठोके पडायचे. दोन हलके, एक जड. टक टक, ठक. फेकायचा नाही कधी. "तुझ्या हातचं काम आहे, फेकू कसं?" असं म्हणून स्लीपरवर मांडायचा, आणि पाळी संपताना परत बसवायचा.

त्या दिवशीही त्याने ठोकळे काढले, मांडले, आणि मागे येणाऱ्या गाडीला हात दाखवत दाखवत उलटा चालत

बूट

एकच परत आला. डावा.

भाऊजी

या हंगामात भावाच्या जागेवर दीर लागला. वहिनीने त्याला नाही म्हणून पाहिलं, रुसून पाहिलं, सासूबाईंना मध्ये घातलं. त्याने ऐकलं नाही. मग तिने दुफाट्याचा सांधा नवा केला. मापाने केला, पाय दाखवला, ठोकळे सागाचे घातले. हंगाम सुरू झाला आणि ठोकळे निघायला लागले.

ती त्याला गाठायला खटक्यापाशी गेली.

"भाऊजी, ठोकळे काढू नका."

"कोण काढतंय? मला वाटलं तुम्हीच काढता. धुवायला-बिवायला."

"ठोकळे कुणी धुतं का?"

"तुमचा काय नेम. परवा माझी शिट्टी उकळून काढलीत."

"थट्टा नको. खरं सांगा."

"वहिनी, घरात मी आयतं गिळतो, कबूल. पण कामावर खोटं बोलत नाही."

"मग मामा?"

"मामा? त्यांना इंजिनातून उतरवायला दोन माणसं लागतात. ते वाकून ठोकळे काढणार?" तो हसला. मग थांबला. "कसे असतात काढलेले?"

तिने खडीत बोटाने दाखवलं. एकाला एक लावून. टोकं काट्याकडे.

तो तिच्या बोटाकडे बघत राहिला. लांबून मामांच्या इंजिनाने भोंगा दिला. या वळणावर ते भोंगा द्यायचे आणि वळण संपेपर्यंत सोडायचेच नाहीत. तेव्हापासून.

"दादासारखे," दीर म्हणाला.

दोघांनी एकमेकांकडे पाहायचं टाळलं.

"एक सांगू?" तो म्हणाला. "या हंगामात इथे एकही डबा पडला नाही. सगळ्या वाटांवर पडले, इथे नाही."

"आणि तुमचा पाय?"

"जपून टाकतो."

"तोही जपूनच टाकायचा, भाऊजी."

बोल्ट

तिने ठोकळ्याला आरपार भोकं पाडली. रुळाच्या मानेतून बोल्ट घातले, नट आवळले, पान्यावर सगळं अंग टाकून आवळले.

दुसऱ्या दुपारी ठोकळे स्लीपरवर. शेजारी बोल्ट ओळीने, लहानापासून मोठ्याकडे. आणि प्रत्येक बोल्टावर त्याचा त्याचा नट परत फिरवून ठेवलेला, हरवू नये म्हणून.

ते नट पाहून ती पहिल्यांदा रडली. एवढी काळजी त्याने स्वतःच्या पायाची घेतली असती तर.

सासूबाईंचं पुसणं

"ह्या बुटाचं काय करू मी?" सासूबाई म्हणाल्या. मोरीच्या कोपऱ्यात पाटावर त्यांनी तो डावा बूट ठेवला होता. हातात ओलं फडकं.

"काय झालं?"

"रोज पुसते, रोज मळतो. हे बघ."

बुटाच्या तळाला काळी राख होती. जळक्या पाचटाची. ओली, ताजी, मध्ये उसाच्या पात्याचा एक धागा चिकटलेला. घरातून तो बूट कुणी बाहेर नेत नव्हतं. ज्याचा जोड नाही तो बूट नेऊन करणार काय?

"वारा आणत असेल राख," वहिनी मोठ्याने म्हणाली.

"वारा बुटाच्या तळाशी कसा जाईल गं? मी बहिरी आहे, येडी नाही." त्यांनी फडकं पिळलं. "लहानपणापासून असाच. जेवायला हाक मारली तर यायचा नाही. कामाला हाक मारायची गरज नाही. आता बघ. आईकडे येत नाही, बायकोकडे येत नाही. कामाला जातो."

वहिनीने फडकं त्यांच्या हातातून घेतलं आणि तळ स्वतः पुसला. पुसताना तिला लाज वाटली, कारण तिला बरं वाटत होतं. रोज दुपारी दुफाट्यावर जाताना पाय जडही व्हायचे आणि लवकरही पडायचे. ठोकळे जागेवर नसतील या भीतीने ती जायची. आणि असतील, या भीतीनेही.

लोखंड

पण दिराचा पाय लाकडाचा नव्हता.

तिने लोखंडी ठोकळे केले आणि चेकरेलला चारी अंगांनी वेल्ड मारला. शिवण जाड, एकसारखी, न तुटणारी. मग सांध्याला पाय दाखवला, आणि घरी न जाता दुफाट्याजवळच्या आंब्याखाली बसून राहिली.

भरलेली गाडी गेली. रिकामी यायची होती. ऊन डोक्यावर.

टक टक.

ठक.

फटीपाशी कुणी नव्हतं. आवाज मात्र होता, लोखंडावर लोखंडाचा, आणि काळे पापुद्रे त्या एका जागी खाली न उतरता जरा बाजूला होत होते, माणसाच्या अंगाला वळसा घालावा तसे.

टक टक, ठक. टक टक, ठक. मग घाईने, ताल सोडून, ठक ठक ठक ठक.

"निघायचं नाही ते," ती बसल्या जागेवरून म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला. घराला आतून कडी लावून बायको बोलते तसा. "काही केल्या निघायचं नाही. जा आता."

ठोके पडत राहिले, गाडीचा भोंगा ऐकू येईपर्यंत.

डबा

आठवड्याने वहिनीने बांधलेल्या सांध्यावर गाडी पडली, ही बातमी आवारात तिच्याआधी पोचली. ती धावत गेली तेव्हा एक रिकामा डबा खटक्यावर आडवा झाला होता. खटक्याचा दांडा वाकून जमिनीला टेकला होता. चाकं हवेत होती.

"भाऊजी कुठे?"

दीर बांधावर बसला होता. अंगावर ओरखडाही नाही. मामा त्याला पाणी पाजत होते, आणि पाण्यापेक्षा शिव्या जास्त.

"मी खटक्यापाशीच होतो," दीर म्हणाला. "तुम्ही हाक मारलीत म्हणून वळलो, दोन पावलं आलो, आणि मागे धाडकन."

"मी हाक नाही मारली."

"मारलीत. 'ए धाकट्या' म्हणालात."

मामा शिव्या द्यायचे थांबले.

"मी तुम्हाला धाकट्या कधी म्हणते?" वहिनी म्हणाली.

दिराने पाण्याचा तांब्या खाली ठेवला. तो खडीवर कलंडला आणि कुणी उचलला नाही.

ती फटीपाशी जाऊन वाकली. लोखंडी ठोकळ्यावर पाचट, रस आणि माती यांचा थर बसला होता. नखाने खरवडून पाहिला. दगड. त्यावर चाकाच्या कडेची ताजी चकाकती रेघ, तिरकी, वर चढत गेलेली.

म्हणजे तो म्हणत होता ते खरं होतं. दोन वर्षं ती त्याच्याशी मनात भांडत होती, आणि तो जेवताना, झोपताना म्हणायचा ते शब्दाशब्दाने खरं होतं. फक्त पाय पाचटासारखा खाली जाऊन सुटत नाही, एवढंच त्याचं चुकलं होतं. आणि पाचट पायासारखं वर ठेवून चालत नाही, हे तिचं.

मॅडम

इंजिनीअर मॅडम वयाने लहान, पण बोलण्याआधी दोनदा बघणारी. तीही फटीपाशी वाकली, तिनेही नख लावलं.

"ठोकळा काढला तर?"

"पाय जातो."

"ठेवला तर?"

"गाडी जाते. गाडीखाली पुन्हा माणूसच."

"पाचटाला कुठेतरी जायला हवं, वहिनी."

"हेच म्हणायचे ते."

"कोण?"

"आमच्या घरातले," वहिनी म्हणाली. मॅडमने पुढे विचारलं नाही. वाट एक दिवस बंद ठेवते म्हणाली, आणि वर काय सांगायचं ते मी सांगते, असंही.

वहिनी घरी न जाता तळ्याकडे गेली. का, ते तिला धड सांगता आलं नसतं. गवतातला आपला पहिला सांधा तिने पायाने चाचपून शोधला. दोन्ही टोकांना वाट नसलेला, गंजून तांबडा झालेला. ठोकळा जागच्या जागी होता. इथे गाडी नाही, म्हणून पाचट नाही, म्हणून त्याला इथे येण्याचं कारणही नाही.

तिने ठोकळा उपसला. वरून धड, खालून कुजून पोकळ. पावसाच्या पाण्याने खालची खडी वाहून गेली होती, आणि वाळकी पानं ठोकळ्याच्या भेगांतून थेट त्या खळग्यात उतरली होती. फटीत एकही पान अडकलेलं नव्हतं.

तिने ठोकळा परत ठोकला आणि त्यावर पाय दाखवला. पाय वर राहिला.

कुजलेल्या लाकडाला जे जमलं ते तिला कसं सुचलं नाही, म्हणून ती तिथे गवतात उभी राहून स्वतःशीच हसली.

नवा ठोकळा असा

वरची बाजू सपाट नको. आतल्या अरुंद टोकाकडून रुंद तोंडाकडे उतरती ठेवावी, म्हणजे चाकाची कडच पाचट बाहेर ढकलते. हा उतार मॅडमने काढून दिला.

अंगात आरपार चिरा असाव्यात. चीर बुटाच्या टोकाहून अरुंद, पाचटाच्या पात्याहून रुंद.

खालून पोकळ. त्याच्याखाली दोन स्लीपरच्या मधली खडी उपसून खळगा करावा आणि तो बाजूच्या चरीला जोडावा. खळगा आठवड्याला बाहेरून साफ करता येतो. त्यासाठी फटीत हात घालावा लागत नाही, सांध्यावर उभंही राहावं लागत नाही.

बोल्ट लावावेत. वेल्ड मारू नये. ज्याला काढायचा आहे त्याला काढता यावा.

शेवटची ओळ कागदावर नव्हती. मॅडमने विचारलं तेव्हा वहिनी म्हणाली, "झिजला की बदलायला." तेही खोटं नव्हतं.

पाय दाखवायला ती घरून तो डावा बूट घेऊन आली. उजव्या पायात स्वतःची चप्पल, डाव्यात होडीएवढा बूट. शेडमधलं कुणी हसलं नाही. तिने फटीत पाऊल टाकलं, पुढे रेटलं, पिळलं. बूट ठोकळ्याच्या उतारावरून घसरून आपोआप वर आला, जणू कुणी खालून तळहाताने उचलून दिला.

दुपार

रूळ ओले दिसत होते. पापुद्रे उतरत होते. भरलेली गाडी काट्यावर गेलेली, रिकामी यायची होती.

वहिनी या वेळी आंब्याखाली बसली नाही. सांध्याला लागून, पण रुळांच्या बाहेर, खडीवर बसली. पान्याला लागतील असे चारही नट तिने तेल लावून ठेवले होते.

टक टक.

तिसरा ठोका पडला नाही.

"बघ," ती म्हणाली. "नीट बघ, घाई करू नको. वरून उतार दिलाय. खाली जागा ठेवलीय. तुझंच म्हणणं आहे सगळं, माझा फक्त ठोकळा आहे."

खडी किरकिरली. कुणीतरी गुडघ्यावर बसावं तशी. चिरेत अडकलेलं पाचटाचं एक पातं हललं, उभं झालं, आणि खाली खळग्यात गेलं. मग दुसरं. मग एक चिमूटभर राख, कुणी बोटांनी सोडल्यासारखी.

"पटलं?"

एका नटावर पापुद्रा बसला होता. तो उडाला. नट फिरला नाही.

"मग आता काढायचं कारण नाही तुला," ती म्हणाली, आणि वाक्य तोंडातून सुटल्यावर तिला कळलं की आपण काय बोललो. हे तिला आधी कळायला हवं होतं. रूळ कापताना, चिरा पाडताना, उतार तासताना, कधीही. तिचा हात आपोआप पान्याकडे गेला. एक नट सैल केला तरी पुरे होतं. एकच.

वळणावर मामांनी भोंगा दिला. गाडीपुढे दीर चालत येत होता, मानेला पंचा, हात वर, शीळ वाजवत. भावासारखाच लगबगीने.

तिने पाना मांडीखाली घातला आणि त्यावर बसून राहिली.

खडी पुन्हा किरकिरली. पावलं सांध्यावरून उतरली, नेहमीसारखी भरभर नाही, आणि शेतांच्या बाजूला निघून गेली. रिकामे डबे खडखडत आले आणि एकामागोमाग एक फटीतून गेले. प्रत्येक चाकामागे पाचटाची बारीक भुकटी रुंद तोंडातून बाहेर पडत होती. दीर सांध्यावरून आला. त्याचं पाऊल ठोकळ्यावर पडलं, घसरलं, वर आलं. त्याला पत्ताही नव्हता.

"काय वहिनी, राखण करताय?"

"नाही," ती म्हणाली. "झाली राखण करून."

पाटावर

हंगाम संपत आला. त्यानंतर दुफाट्यावर एकही डबा पडला नाही आणि ठोकळे जागचे हलले नाहीत. मॅडमने सगळ्या वाटांवर तसेच ठोकळे घालायला सांगितलं. मामा वळणावर अजून भोंगा देतात, पण आता मधेच सोडतात. दीर दोन्ही पायांनी घरी येतो, दोन्ही पाय पसरून जेवतो, आणि वहिनीला जेवण वाढायला उशीर झाला तर "गाडी लेट आहे का" म्हणून विचारतो.

सासूबाई मोरीच्या कोपऱ्यात बसून होत्या. हातातलं फडकं कोरडं.

"बूट मळत नाही गं आता," त्या म्हणाल्या.

वहिनीने फडकं त्यांच्या हातातून घेतलं आणि घडी घातली. बोलायचं तर मोठ्याने बोलावं लागलं असतं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ती काट्यामागच्या ढिगाजवळ गेली. पाचटाची एक मोळी बांधली, काखेत मारली, आणि डब्यांच्या तळाशी साठलेला रसाचा चिखल एका बादलीत घेतला. कुणी विचारलं तर काय सांगायचं ते तिने ठरवलं नव्हतं. कुणी विचारलं नाही.

तळ्याकडच्या गवतात, वाट नसलेल्या त्या सांध्यात ती गुडघ्यांवर बसली. अलीकडे रूळ नव्हते, पलीकडे नव्हते. इथे कुठलंही चाक येऊ शकत नव्हतं. आणि जो येणार होता त्याचा पाय आता कुठे अडकणार? तिने कुजक्या ठोकळ्याखालचा खळगा मातीने बुजवला. भेगा बुजवल्या. मग फटीत पाचट भरायला घेतलं. एक थर पाचट, एक थर चिखल, वरून मूठ आपटून घट्ट. सांधे करणाऱ्या हाताने सांधा बिघडवायचा म्हणजे नाकी नऊ येतात. बोटं आपोआप साफ करायला धावतात. पण तिने नेटाने भरला. ऊन लागून दगड होईल असा भरला.

उठताना ती हातोडी मुद्दाम विसरली.

मग परतली. दुपार डोक्यावर होती. कुठल्यातरी शेतात ऊस पेटवला असणार, कारण काळे पापुद्रे तळ्याच्या दिशेने चालले होते. ती आवाराच्या फाटकापाशी पोचली. तिथे थांबून तिने चपलेत खडा गेल्यासारखं केलं, वाकली, आणि श्वास धरून ठेवला.

टक टक.